पावसाळ्यात ‘डिस्प्ले ड्रायव्हर’ वारंवार पडतोय? ड्रायव्हर बदलण्याआधी हे बघा

स्क्रीन दोन-तीन सेकंद काळी होते. चित्र परत येतं, पण समोर उघडा असलेला प्रोग्रॅम मेलेला असतो. कधी चित्र परत येतच नाही. ग्राफिक्स कार्डाचे पंखे जीव खाऊन ओरडत राहतात आणि मागे गाण्याचा आवाज मात्र चालूच असतो. विंडोजची नोंदवही, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर, उघडून ‘सिस्टीम’ लॉग बघावा तर तीच ती ओळ: इव्हेंट ४१०१, डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं आणि तो पुन्हा सुरू झाला. (ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यात बोलणं घडवणारं सॉफ्टवेअर.)

माझं काम व्हिडिओ एडिटिंगचं. देवगड तालुक्यात, समुद्रापासून फार तर तीनशे पावलांवर घर, पडवीला लागून खोली, तिथे मशीन. लग्नं, जत्रा, दशावतार, गणपतीतली भजनं, जे येईल ते करतो. मृग लागला की हे दुखणं सुरू व्हायचं आणि नवरात्रापर्यंत चालायचं. थंडी-उन्हाळ्यात त्याचं नाव नाही. आई म्हणायची, “पावस लागलो की तुझो कॉम्प्युटर आजारी पडता.” मी हसण्यावारी न्यायचो. निदान तिनेच करून ठेवलं होतं. मला तिथवर पोचायला दोन पावसाळे आणि बरेच पैसे लागले.

मी कुठे फसलो

ओळीत सरळ ‘ड्रायव्हर’ असं लिहिलंय म्हटल्यावर मी ड्रायव्हरच बदलत बसलो. जुना काढायचा, नवा टाकायचा, की पंधरा-वीस दिवस मशीन निमूट चालायचं. मग औषध बरोबर आहे असंच वाटणार. पुन्हा पडलं की ‘ही आवृत्ती बेकार’ म्हणून त्याच्या मागची टाकायची. असे मी एका पावसाळ्यात पाच ड्रायव्हर फिरवले.

गोम वेगळीच होती. ड्रायव्हर बदलायचा दिवस हाच माझा साफसफाईचा दिवस. मशीन बंद केलंच आहे तर धूळ काढू, कार्ड उपसून ब्रश फिरवू, परत बसवू. गुण यायचा तो कार्ड काढून बसवल्याचा, आणि श्रेय जायचं ड्रायव्हरला. दोन गोष्टी एकाच दिवशी बदलल्या की कशाने बरं वाटलं ते देवालाही कळत नाही.

मध्ये एकदा कार्ड वॉरंटीत मुंबईला पाठवलं. सर्व्हिस सेंटरचं नाव घेत नाही, आणि त्यांची चूकही म्हणवत नाही. बऱ्याच दिवसांनी ‘दोष आढळला नाही’ अशी चिठ्ठी लावून कार्ड परत आलं. एसीच्या कोरड्या खोलीत, त्यांच्या बोर्डावरच्या स्वच्छ स्लॉटमध्ये, त्यांच्या सप्लायवर (म्हणजे मशीनला वीज देणाऱ्या डब्यावर) ते कशाला पडेल? आजारी माणूस हवापालटाला गेला की बरा व्हायचाच. घरी येऊन आठवडा झाला आणि सत्यनारायणाच्या पूजेचा व्हिडिओ रेंडर होताना, म्हणजे तयार फाईल बनताना, पुन्हा काळोख.

ती ओळ नेमकं काय सांगते

विंडोज ग्राफिक्स कार्डाला काम देते आणि उत्तराची वाट बघते. ठरलेल्या वेळात, म्हणजे मुळात २ सेकंदांत, उत्तर आलं नाही तर कार्ड अडकलं असं धरून विंडोज ड्रायव्हरला झटकून पुन्हा उभं करते. या सोयीला टीडीआर (टाइमआउट डिटेक्शन अँड रिकव्हरी) म्हणतात. ती व्हिस्टापासून आली. त्याआधी असं झालं की अख्खं मशीनच गोठायचं. पुन्हा उभं करण्याचा प्रयत्नही फसला तर निळी स्क्रीन येते, तिचा कोड ०एक्स११६.

म्हणजे ४१०१ एवढंच सांगते की कार्डाने २ सेकंदांत हुं की चूं केलं नाही. का केलं नाही, ते ती सांगत नाही. ड्रायव्हरमध्ये खरंच चूक असेल, कार्ड तापलं असेल, सप्लायकडून येणारे १२ व्होल्ट डगमगले असतील, किंवा स्लॉटमधला संपर्क सुटला असेल. ओळ तीच उमटते. दारावरची बेल वाजली नाही म्हणून बेल बिघडली असं नसतं, लाईटही गेलेली असू शकते.

विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग साठवायच्या जागी) ‘टीडीआर डिले’ नावाची किंमत २ वरून ८ किंवा १० करा असा सल्ला सर्रास मिळतो. लांबलचक गणित करणाऱ्या कामात, उदाहरणार्थ थ्रीडी रेंडरमध्ये किंवा जड नॉइज रिडक्शनमध्ये, कार्ड खरोखर कामात असतं म्हणून उत्तराला उशीर होतो. तिथे हा उपाय लागू पडतो. संपर्कच तुटला असेल तर मात्र २ सेकंदांऐवजी १० सेकंद काळी स्क्रीन बघत बसाल. मी बसलोय.

कालनिर्णयवरच्या फुल्या

तिसऱ्या पावसाळ्यात मी ड्रायव्हरला हात लावायचं बंद केलं आणि भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये फुल्या मारायला लागलो. मशीन पडलं की त्या तारखेच्या चौकोनात फुली, शेजारी वेळ, आणि एक शब्द: ‘रेंडर’, ‘नुसतं’, ‘लाईट’. फार शिस्तीने नाही, पण महिन्याभरात चित्र दिसायला लागलं.

फुल्या दोन जागी दाटल्या होत्या. पहिला गठ्ठा सकाळचा, मशीन चालू केल्यापासून पहिल्या तासातला. रात्रभर पाऊस, मशीन बंद, आणि सकाळी साधं ब्राउझर उघडतानाही काळोख. दुपारी तेच मशीन चार तास रेंडर करून हूं म्हणायचं नाही. तापमानाचा दोष असता तर हे नेमकं उलट झालं असतं. दुसरा गठ्ठा संध्याकाळी सात ते नऊचा, आणि तो फक्त रेंडर चालू असताना. म्हणजे एकाच ओळीमागे दोन वेगळी दुखणी होती. एकाचं औषध दुसऱ्याला लागू नव्हतं, म्हणून काहीही केलं तरी अर्धंच बरं वाटायचं.

तुम्हीही आधी हेच करा. कॅलेंडर नको असेल तर विंडोजमध्ये ‘रिलायबिलिटी मॉनिटर’ आहे. स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाईप केलं की सापडतो आणि दिवसवार लाल फुल्या दाखवतो. पण पाऊस होता का, लाईट कशी होती, हे त्याला कळत नाही. म्हणून मला कागदच बरा वाटतो.

सकाळचं दुखणं: खार

किनाऱ्यावरच्या हवेत मीठ असतं हे सांगायला नको. खिडकीच्या गजांना, दुचाकीच्या रिमला काय होतं ते आपण बघतोच. मिठाचा एक गुण आहे: हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच पाझरतं. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता दिवसेंदिवस त्याच्या वरच असते. मशीन चालू असताना आत ऊब असते, म्हणून धूळ कोरडी राहते. रात्री बंद केलं की पेटी थंड होते आणि त्या धुळीतलं मीठ पाणी धरतं. स्वयंपाकघरातल्या बरणीतलं मीठ जून महिन्यात कसं होतं ते आठवा; कार्डावरच्या धुळीचं तेच होतं.

खात्री कशी करायची? दोन गोष्टी बघा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हीया-लॉगर’ (WHEA-Logger) या नावाने इव्हेंट १७ च्या पिवळ्या नोंदी आहेत का आणि त्यात पीसीआय एक्सप्रेसचा, म्हणजे कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या वाटेचा, उल्लेख आहे का. ही दुरुस्त झालेली चूक असते, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यात काहीतरी चुकीचं ऐकू आलं आणि पुन्हा विचारून घेतलं. माझ्याकडे सकाळच्या तासात अशा शेकड्याने होत्या, दुपारी एकही नाही.

दुसरं, जीपीयू-झेड नावाचं फुकट साधन उघडा आणि ‘बस इंटरफेस’ची ओळ वाचा. लेन म्हणजे त्या वाटेतल्या मार्गिका. १६ लेनचं कार्ड १६ वर चालतंय की ८, ४ वर घसरलंय? शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून छोटी चाचणी लावा आणि मग वाचा, कारण निवांत असताना कार्ड वीज वाचवायला वेग कमी करतं. तो दोष नाही. लेनचा आकडा मात्र कमी दिसायला नको. एक सावधगिरी: आरटीएक्स ४०६० किंवा आरएक्स ६६०० सारखी काही कार्डं मुळातच ८ लेनची आहेत, ती बघून घाबरू नका. माझं कार्ड १६ चं, आणि त्या सकाळी ते ४ वर चालत होतं.

मग कार्ड काढलं, आणि या वेळी ब्रश फिरवून सोडून दिलं नाही. खिडकीशी नेऊन तिरक्या उजेडात त्याच्या सोनेरी दातांची पट्टी बघितली. समोरून चकचकीत, पण तिरकं धरल्यावर सात-आठ दातांवर मळकट साय दिसली, बशीत चहा वाळल्यावर राहते तशी. दोन दातांच्या मुळाशी बारीक काळे ठिपके होते. तिथे सोन्याचा मुलामा सुटून खालचा धातू उघडा पडला होता.

साफ करायची माझी पद्धत अशी. मशीन बंद, वायर भिंतीतून काढलेली, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून आतली उरलेली वीज घालवायची. कार्डाच्या शेपटीकडची खटकी दाबल्याशिवाय ओढायचं नाही, स्लॉट तुटतो. आता इथे बहुतेकजण ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लावतात आणि थांबतात. पण शुद्ध अल्कोहोलमध्ये मीठ जवळजवळ विरघळत नाही, त्याला पाणीच लागतं. म्हणून आधी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते डिस्टिल्ड पाणी कानकोरण्याच्या कापसाला जेमतेम ओल येईल एवढं घ्यायचं आणि फक्त दातांच्या पट्टीवर फिरवायचं. मग अल्कोहोलने दोनदा पुसायचं, म्हणजे पाणी निघून जातं. अर्धा तास वाळू द्यायचं. हँड सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं.

खोडरबराबद्दल: आमच्याकडे प्रत्येक दुरुस्तीवाला पहिल्यांदा खोडरबरच काढतो. तो चालतो, नाही असं नाही, पण सोन्याचा थर अतिशय पातळ असतो. दर महिन्याला घासलंत तर पुढच्या वर्षी घासायला सोनं उरणार नाही. साय अल्कोहोलने निघालीच नाही तर पांढरं मऊ रबर, दातांच्या दिशेने, दोन-तीनदा, एवढंच.

स्लॉटमध्ये काही खुपसू नका. कार्ड दोन-तीनदा बसवून काढलं की आतले पिन स्वतःच घासून निघतात. माझे आधीचे ‘ड्रायव्हरचे’ उपाय एवढ्यावरच चालत होते.

हे झाल्यावर सकाळच्या फुल्या बंद झाल्या. खार मात्र परत येणारच, म्हणून सवयी बदलल्या. पावसाळ्यात मशीन चालू केल्यावर पहिला अर्धा तास जड काम देत नाही, नुसतं उबू देतो. काम नसलं तरी रोज तासभर चालू ठेवतो. पश्चिमेची खिडकी आणि मशीन समोरासमोर होतं, ते हलवलं. रात्री कॉम्प्युटर टेबलाच्या खालच्या खणात, पेटीपासून वीतभर लांब, जुन्या पद्धतीचा १५ वॉटचा बल्ब जळत असतो. लग्नातल्या साड्यांच्या कपाटात लावतात तसाच. एलईडीचा लावू नका, तो फारसा तापत नाही. आणि कागद, कापड, प्लॅस्टिक त्याच्या आसपास नको.

संध्याकाळचं दुखणं: सप्लाय

हे शोधायला कमी वेळ लागला, कारण ‘लाईट’ हा शब्द त्या फुल्यांशेजारी आधीच लिहिलेला होता. सातला वाडीतले सगळे दिवे-पंखे-पंप लागतात आणि व्होल्टेज खाली येतं. आता चांगला सप्लाय, म्हणजे आतला एसएमपीएस, १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे नुसतं कमी व्होल्टेज हे कारण पुरत नाही. आमच्याकडे मध्ये रिलेवाला जुना स्टॅबिलायझर होता. व्होल्टेज हललं की तो ‘खट्ट’ करून टप्पा बदलायचा, आणि त्या खट्टमध्ये काही मिलिसेकंद वीज नसायची. एसएमपीएसने पूर्ण भारावर साधारण १६ मिलिसेकंद दम धरावा अशी अपेक्षा असते. सहा वर्षांच्या सप्लायमधले कपॅसिटर तेवढा दम धरत नाहीत. त्यात आधुनिक कार्डं क्षणभरासाठी आपल्या सरासरीच्या दुप्पट वीज ओढतात, एटीएक्स ३.० या २०२२ च्या मानकात सप्लायने १०० मायक्रोसेकंद दुप्पट भार सोसावा अशी अटच यासाठी घातली गेली. कधी त्यात अख्खं मशीन रिस्टार्ट होतं आणि ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद पडते, कधी फक्त कार्ड दगावतं आणि आपण ड्रायव्हरला शिव्या घालतो.

इथे सगळ्यात आधी कार्डाला जाणारी वायर बघा. ८ पिनचा एक प्लग १५० वॉटसाठी असतो, स्लॉट स्वतः ७५ वॉट देतो. माझ्या कार्डाला असे दोन प्लग होते, आणि दोन्ही एकाच वायरच्या फाट्यावरून आलेले. प्लग उपसला तर एका पिनच्या तोंडाशी हिरवट थर. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, तसा. दोन्ही प्लगना सप्लायपासून वेगवेगळ्या वायरी दिल्या, कळकलेली वायर फेकली. मग सप्लायच नवा घेतला आणि स्टॅबिलायझरच्या जागी लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएस लावला. एवढा खर्च लगेच जमत नसेल तर आफ्टरबर्नरसारख्या साधनातून कार्डाची ‘पॉवर लिमिट’ ८० टक्क्यांवर आणून बघा. रेंडरला थोडा वेळ जास्त लागतो, पण संध्याकाळच्या फुल्या कमी झाल्या तर दुखणं सप्लायचं आहे हे फुकटात कळतं.

दुसऱ्याची वायर किंवा दुसऱ्या सप्लायचं केबल-किट आपल्या सप्लायला लावू नका. सप्लायच्या बाजूचे पिन कंपनीगणिक वेगळे असतात. प्लग बसला म्हणून जोडणी बरोबर असतेच असं नाही.

आणि अर्थिंग. पेटीला हात लागला की झिणझिण्या येतात हे मी वर्षानुवर्षं ‘असतंच तसं’ म्हणून सोडलं होतं. सप्लाय बदलताना आमचे वायरमनकाका आले होते. ते बोट लावून म्हणाले, “मेल्या, तुझ्या घराक अर्थिंग आसा खंय?” खड्डा होता, पण जांभ्यावरचं घर, कातळात ओल टिकत नाही आणि एप्रिल-मेमध्ये ते अर्थिंग नावापुरतं उरतं. अर्थिंग तुटलं की सप्लायच्या फिल्टरमधून पेटीवर सुमारे ११५ व्होल्ट तरंगत बसतात. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण चालू मशीनला टीव्हीची एचडीएमआय खुपसली की तो करंट कार्डाच्या पोर्टमधून वाट काढतो. पोर्ट जळायला तेवढं पुरतं. अर्थिंग वायरमनकडूनच मोजून घ्या, आणि तोवर कुठलीही डिस्प्ले केबल लावताना दोन्हीकडची वीज काढा.

ड्रायव्हर खरंच दोषी असतो तेव्हा

असतोही. एनव्हिडियाने मार्च २०१० मध्ये १९६.७५ हा ड्रायव्हर मागे घेतला, कारण त्याने पंख्याचा वेग बिघडून कार्डं तापत होती. २०२५ मध्ये आरटीएक्स ५० मालिका आल्यावर काळ्या स्क्रीनच्या तक्रारी इतक्या झाल्या की दुरुस्तीचे ड्रायव्हर एकामागून एक काढावे लागले. ओळखायची खूण सोपी आहे: दुखणं एका ठरावीक तारखेनंतर सुरू झालं, एका ठरावीक प्रोग्रॅममध्ये होतं, आणि त्याला पाऊस-ऊन, सकाळ-संध्याकाळ काही फरक पडत नाही.

तसं असेल तर अर्धवट बदलू नका. नेट तोडा, नाहीतर विंडोज मधेच स्वतःचा ड्रायव्हर बसवून टाकते. सेफ मोडमध्ये डीडीयू (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर) हे साधन चालवून जुन्याचा मागमूस पुसा, मग आधीच उतरवून ठेवलेली एकच आवृत्ती टाका. एडिटिंगवाल्यांनी गेमवाला ड्रायव्हर न घेता स्टुडिओवाला घ्यावा. तो कमी वेळा येतो आणि आपल्याला तेच हवं असतं. ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असताना ‘शटडाउन’ म्हणजे खरं शटडाउन नसतं, ड्रायव्हरची जुनी अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते. खरी नवी सुरुवात फक्त ‘रिस्टार्ट’ने होते. आणि त्या दिवशी कार्डाला हात लावू नका, हे माझ्या अनुभवाने सांगतो.

स्क्रीनवर रंगीत ठिपके, चौकडे, रेघा येत असतील तर ही सगळी चर्चा सोडा. कार्डाची मेमरी गेली असण्याची शक्यता मोठी. ओसीसीटी नावाच्या चाचणीच्या साधनात व्हीरॅमची, म्हणजे या मेमरीची, चाचणी लावा, चुका निघाल्या तर वॉरंटी बघा. कार्ड ओव्हनमध्ये भाजण्याचा उद्योग कोणी सुचवला तर हात जोडा. भाजलेलं कार्ड चार दिवस चालतं आणि ओव्हन कायमचा खायच्या कामातून जातो.

फटीतून आत शिरलेली पाल आणि मुंग्या यांचं काय ते मी लिहीत नाही. सप्लायच्या जाळीतून एकदा आत बघाल तर तुम्हालाच कळेल.

यंदा नारळी पौर्णिमेपर्यंत कालनिर्णयवर दोन फुल्या आहेत. दोन्ही वेळा स्क्रीन सेकंदभरच काळी झाली, प्रोग्रॅम जिवंत राहिला, आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये काहीच नोंद नाही. ४१०१ नाही म्हणजे कार्ड पडलंच नव्हतं, फक्त चित्र मॉनिटरपर्यंत पोचलं नाही. दुसऱ्या वेळी लक्षात आलं की त्याच क्षणी पलीकडच्या खोलीतला फ्रिज चालू झाला होता. एचडीएमआयची केबल बाजारातली पाच मीटरची स्वस्तातली, फ्रिजच्या वायरीबरोबर एकाच खिळ्याला टांगलेली. दीड मीटरची चांगली केबल आणली, फ्रिजच्या वायरीपासून लांबून ओढली. फ्रिज तोच आहे.